ऑपरेशनआधी मुलाला गुंगीचं औषध: धायरीच्या एका आईची काळजी

"मॅडम, ऑपरेशनच्या आधी त्याला गुंगीचं औषध पाजणार म्हणतायत, आणि मग वर भूलही देणार, म्हणजे दोनदा? डोक्यावर काही परिणाम तर नाही ना होणार?" हा प्रश्न मला वरचेवर येतो, पण या आईचा लक्षात राहिलाय कारण विचारतानाच तिचा आवाज कापत होता. पुण्यातल्या धायरीहून आलेली, सोबत सासूबाई आणि पाच वर्षांचा अर्णव (नाव बदललंय). जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन, सकाळी नऊची वेळ, संध्याकाळी घरी.

तिला आधी साधं सांगितलं. हे औषध म्हणजे बहुतेकदा मिडाझोलामचं सिरप, वजनावर मोजून, साधारण किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, डोस भूलतज्ज्ञ ठरवतात. वीस-तीस मिनिटांत मूल सैल पडतं, कधीकधी उगाच हसतं, जीभ जड होते, पण गाढ झोपत नाही. भूल वेगळी, ती ऑपरेशन थिएटरमध्ये. आणि एका डोसने सवय वगैरे लागत नाही. उपयोग एवढाच की आईच्या कडेवरून घेताना आणि तोंडावर मास्क धरताना तो धसका बसत नाही, आणि पुष्कळ मुलांना नंतर तो मास्क आठवतच नाही. औषध दिलं की मात्र मुलाला एकटं सोडायचं नाही, पळू द्यायचं नाही, पडतात मुलं. बोटाला ऑक्सिजन बघायचा क्लिप लावतात, जवळ सिस्टर असतात. एखादं मूल उलट चिडतं, रडारड करतं, हेही मी लपवत नाही. म्हणूनच ते हॉस्पिटलमध्येच द्यायचं, घरून पाजून आणायचं नाही, कोणी कितीही सांगितलं तरी.

मी विचारलं, अर्णव झोपेत घोरतो का, श्वास मधेच थांबल्यासारखा वाटतो का, सर्दी-खोकला आहे का. हे भूलतज्ज्ञांना सांगायलाच हवं, टॉन्सिल किंवा अ‍ॅडेनॉइड (नाकामागची गाठ) वाढलेल्या मुलांत ते औषध टाळतात किंवा फार जपून देतात. अर्णवचं तसं काही नव्हतं.

मग खरी गोष्ट बाहेर आली. आई हळूच म्हणाली, "मी त्याला सांगितलंय की आपण पेशवे पार्कात फुलराणीच्या छोट्या आगगाडीत बसायला चाललोय. औषध मधातून गुपचूप देऊ का?"

मला औषधापेक्षा याची काळजी जास्त वाटली. पाच वर्षांचं पोर, फुलराणीसाठी उत्साहात उठणार आणि हिरवे कपडे घातलेली माणसं बघणार, त्यानंतर तो आईच्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवेल? मी म्हणलं, आज रात्रीच खरं सांगा, जेवढं कळेल तेवढंच. पोटाखाली फुगतं ना, ते डॉक्टर नीट करणार, तू झोपलेला असशील तेव्हा करणार म्हणून तेव्हा दुखणार नाही, उठल्यावर थोडं दुखेल, आई-बाबा तिथेच असतील. आधी एक औषध प्यायचंय, ते कडू आहे. कडू हा शब्द मुद्दाम सांगायला लावला, कारण ते खरंच कडू असतं आणि मुलं थुंकतात.

आजी म्हणाल्या, "उपाशी कसं ठेवायचं गं पोराला, पहाटे कपभर दूध तरी देते." मी त्यांचा हात धरून सांगितलं, आजी, भुलेत उलटी होऊन दूध फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेततं, म्हणून दूध आणि खाणं सहा तास आधी बंद, म्हणजे रात्री तीननंतर काही नाही, साधं पाणी सातपर्यंत चालेल. लगेच पटलं त्यांना, मग रात्री पावणेदोनला उठून त्याला दूध देऊन परत झोपवलं म्हणे.

त्या सकाळी मी तिथेच होते. बाबांनी बिनसुईच्या सिरिंजने औषध गालाच्या आत हळूहळू सोडलं, अर्णवने तोंड वाकडं केलं, पण गिळलं. पंचवीसेक मिनिटांनी सिस्टरच्या हातावर डोकं टाकून आत गेला, रडला नाही. आई मात्र बाहेर येऊन खूप रडली, आणि ते ठीकच होतं, त्याच्यासमोर तिने धीर धरला होता.

शुद्धीवर येताना मात्र त्याने अर्धा तास आकांत केला, आईलाही ओळखेना. ती घाबरली. भुलेतून उठताना काही मुलांचं असं होतं, गुंगीचं औषध दिलेलं असो वा नसो, कुशीत घेऊन थांबलं की निवळतं. हे मी आदल्या दिवशी सांगायला हवं होतं, राहून गेलं, आता प्रत्येक आईबापाला आधी सांगते. पुढे चार-पाच रात्री तो दचकून उठायचा, दोनदा अंथरूण ओलं झालं, दोन आठवड्यांत सगळं थांबलं.

जखम दाखवायला आले तेव्हा त्याने दारातच विचारलं, "आज कडू औषध आहे का?" आई म्हणाली, "नाही रे, आज फक्त बघणार आहेत." तो स्वतः चढून टेबलावर आडवा झाला, आणि तिथून थेट फुलराणीला गेले.