आकडी आणि थोरली

पोरी,

समोर बसून सांगितलं असतं, पण तुमच्या घरात बोलायचं म्हणजे सात माणसांच्या सभेत बोलायचं. तू पाणी द्यायला उठतेस, सासूबाई चहाचं विचारतात, मामंजी टीव्हीचा आवाज वाढवतात आणि बोलायचं ते राहून जातं. म्हणून लिहिते. पोरं झोपली की वाच. तशीही तू झोपत नाहीस. तुमच्या वरच्या खोलीतला दिवा माझ्या स्वयंपाकघरातून दिसतो. काल रात्री अडीचला चालू होता.

त्या मंगळवारी रात्री तू गॅलरीतून ओरडलीस, "सिस्टर मावशी, बाळ गेलं!" मी चप्पल न घालता जिना चढले. वर येईपर्यंत आकडी थांबलेली होती. पोरगं गळून पडलेलं, ओठ जरा निळसर, पण श्वास चालू. सासूबाई फोडलेला कांदा नाकाशी धरून बसलेल्या, दीर दातखिळीत बोट घालायला बघत होता आणि तू बाळाला गदागदा हलवत होतीस. तुझी हाक ऐकल्यापासून मी वर पोचेपर्यंत फार तर दोन मिनिटं गेली असतील. दुसऱ्या दिवशी तू डॉक्टरांना अर्धा तास सांगितलंस. तुला हसत नाही मी. लहान मुलांच्या वॉर्डात एकतीस वर्षं काढली, पंधरा मिनिटांच्या खाली सांगणारी आई एकही भेटली नाही. त्या वेळी घड्याळ कुणाला दिसतं?

डॉक्टरांनी सांगितलंच आहे, तरी माझ्या शब्दांत पुन्हा सांगते, कारण त्यांच्या खोलीत तू ऐकण्याच्या अवस्थेत नव्हतीस. ही तापातली आकडी. ६ महिने ते ५ वर्षं या वयात येते, शंभरातल्या २ ते ५ पोरांना कधी ना कधी येतेच. या वयातला मेंदू तापाला असं उत्तर देतो, एवढंच. बहुतेकदा ताप चढल्याच्या पहिल्या दिवसात येते, कधी कधी अंग तापलंय हे कळायच्या आधीच. तेव्हा "मी औषध द्यायला उशीर केला" हे जे तू रोज घोकतेस ते सोड. वेळेवर पॅरासिटामॉल दिलं तरी आकडी टळेल असा भरवसा नसतो. ते द्यायचं पोराचं अंग दुखायचं थांबावं, त्याने चार घोट पाणी प्यावं म्हणून.

पुन्हा येईल का? येऊ शकते. तिघांतल्या एकाला येते. हे तुझ्यापासून लपवून काय उपयोग. पण म्हणून फेफरं झालं असं होत नाही. ते पुढं होण्याची शक्यता इतर पोरांपेक्षा किंचितच जास्त असते, आणि बहुतेकांची ही आकडी शाळेत जायच्या वयात आपसूक थांबते. शेजारच्या वहिनी म्हणतात एमआरआय करून घ्या. डॉक्टरांनी मान वाकवून बघितली, कान-घसा बघितला, दोन तास समोर बसवून ठेवून पोरगं खेळायला लागलेलं बघितलं आणि मग काही लिहून दिलं नाही. अशा साध्या आकडीला ते लागतही नाही. समोर आई रडत असताना एकही टेस्ट न लिहिणाऱ्या डॉक्टरचं मला तरी कौतुक वाटतं.

आता माझं ऐक. हे गल्लीत कुणाला ठाऊक नाही. १९९० साली माझ्या थोरल्याला आकडी आली तेव्हा तो दोन वर्षांचा होता. मी नोकरीला लागून पाच वर्षं झालेली. तोंडात काही घालायचं नाही हे मी वॉर्डात आलेल्या बायकांना ओरडून सांगायची. आणि घरी माझ्याच हातांनी त्याच्या दातांत स्टीलचा चमचा कोंबला. कट्ट असा आवाज झाला. वरच्या पुढच्या दाताचा तुकडा उडाला, रक्त आलं, आणि तो गिळला की काय म्हणून मी बोट घालायला गेले तर बोटही चावलं. दुधाचा दात होता म्हणून निभावलं. तो चमचा मी फेकला नाही, अजून डब्यात आहे, साखरेला वापरते. तेव्हा तुझे हात थरथरले, काही सुचलं नाही, याची लाज वाटून घेऊ नकोस. शिकलेलं त्या क्षणी हातात उतरत नाही. म्हणून आधी तालीम करून ठेवायची.

तर तालीम अशी. पोराला जमिनीवर चटईवर कुशीवर वळवायचं, म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर पडते. गळ्याजवळचं बटण सोडायचं. आजूबाजूचा पाट, तांब्या, खेळणी सरकवायची. घट्ट धरायचं नाही, हलवायचं नाही, तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काही नाही. कांदा आणि चप्पल हुंगवून आकडी थांबत नाही. ती आपली आपण थांबते आणि कांद्याला श्रेय मिळतं. पहिल्या सेकंदाला मोबाइलवर वेळ बघायची. घरात दुसरं कुणी असेल तर त्याने व्हिडिओ काढावा. विचित्र वाटेल, पण डॉक्टरांना तुझ्या दहा वाक्यांपेक्षा तो जास्त सांगतो. पाच मिनिटं झाली आणि थांबली नाही, तर डॉक्टरांनी दिलेला नाकातला फवारा मारायचा आणि निघायचं. किती मारायचा ते त्यांच्याकडून बाटलीवरच मार्करने लिहून घे. आणि तो कपाटात कुलपात कशाला ठेवलास? फ्रिजवर ठेव, सगळ्यांना दिसेल असा. १०८ ला फोन लावायचा, पण चौकातल्या रिक्षावाल्याचा नंबरही भिंतीवर लिहून ठेव. रात्री शिवाजी पेठेतून सीपीआर हॉस्पिटलला पोचायला फार वेळ लागत नाही.

आकडी थांबल्यावर तो झोपेल, अर्धा-एक तास सुस्त राहील. त्याला घाबरू नकोस. आकडी एकाच बाजूला आली, चोवीस तासांत दुसऱ्यांदा आली, थांबल्यावरही तो नीट जागा होईना, मान ताठ झाली, अंगावर दाबल्यावर न जाणारे लाल-जांभळे ठिपके आले, तर मात्र सकाळची वाट बघायची नाही. रात्रीच निघायचं.

तुझ्या फ्रिजच्या दारात तापाच्या तीन बाटल्या बघितल्या. दोन टाकून दे, अगदी आजच. थेंबाच्या बाटलीत एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं, एका सिरपात ५ मिलीत १२५, दुसऱ्यात ५ मिलीत २५०. अर्ध्या झोपेत बाटली बदलली की डोस दुप्पट, नाहीतर चौपट. बाळ साडेदहा किलोचं आहे. किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे एका वेळेला साधारण १०० ते १५० मिलिग्रॅम. डॉक्टरांनी लिहून दिलेली एकच बाटली ठेव आणि तिच्यावर मिली लिहून ठेव. ताप आला की अंगावर घोंगडी घालायची नाही आणि बर्फाच्या पाण्यानं पुसायचंही नाही. सुती कपडे, साधं कोमट पाणी, बास.

दुधाचं बोलते, मामंजींना वाईट वाटेल तरी. ते पहाटे गंगावेशीत कट्ट्यावर जाऊन समोर पिळलेलं म्हशीचं दूध आणतात, नातवाला पैलवान करायचाय म्हणून. आणतात ते प्रेमानं, पण ते घरी आल्यावर उकळलं पाहिजे, आणि दीड वर्षाच्या पोरानं दिवसाला लिटरभर प्यायचं नसतं. अर्धा लिटर फार झालं. पोट दुधानं भरलं की ते भाकरी, आमटी, अंडं काही खात नाही, आणि दुधात लोह जवळजवळ नाहीच. मी त्याला दोनदा कुंडीतली माती चाटताना बघितलंय. लोह कमी असलेल्या पोरांमध्ये ही आकडी जास्त दिसते. पुढच्या वेळी डॉक्टरांना रक्ताचं विचार. स्वतःच्या मनानं लोहाचं औषध सुरू करू नकोस. मामंजींना सांगायची जबाबदारी माझी. माझ्यावर ते चिडत नाहीत.

आणखी एक. तुझ्या माहेरचे आले तेव्हा "आमच्यात कुणाला असलं नाही" असं तुझी आई म्हणाली आणि सासूबाईंचा चेहरा उतरला. जिन्यात त्या मला म्हणाल्या, "माझ्या थोरल्याला बी येत हुती गं बारकेपणी. दोनदा आलती. मी कुणाला बोललो न्हाई, लगीन जमायचं न्हाई म्हणून." थोरला म्हणजे तुझा नवरा. तुला सांगू नको असं त्या म्हणाल्या नाहीत, म्हणून सांगते. ही आकडी बऱ्याचदा घराण्यात असते, आणि तुझा नवरा आज चांगला सहा फुटी गडी आहे, रोज रंकाळ्याला फेरी मारतो. हे ऐकून तुला बरं वाटायला हवं. भांडण काढू नकोस. त्या बाईनं पस्तीस वर्षं ती भीती एकटीनं सांभाळलीय. आणि बूस्टर डोस नको असं त्या म्हणतात तेही भीतीपोटीच. डोस चुकवायचा नाही. आकडी आली म्हणून लसी बंद करत नाहीत. कधी द्यायची ते डॉक्टर सांगतील.

हे सगळं तू कुठूनही ऐकलं असतंस. पत्र लिहायला बसले ते थोरलीसाठी.

परवा शाळेतून येताना ती माझ्या पायरीवर बसली. दप्तर काढलं नाही. म्हणाली, "मावशी, बाळ मेलतं काय?" मी म्हटलं, नाही गं. तर म्हणे, "मी त्याला मर तिकडं म्हटलतं." त्या संध्याकाळी त्यानं तिचा जांभळा खडू मोडला होता. आपण कोल्हापूरची माणसं, दिवसातून दहा वेळा लाडानंसुद्धा 'मर तिकडं' म्हणतो. ती तेच शिकलीय. आणि रात्री दारात उभं राहून तिनं भाऊ निळा पडलेला बघितला. तिला तिथून कुणी आत नेलं नाही, मीही नाही. मला ती दिसली होती. आधी बाळ, मग तिच्याकडे बघू म्हटलं आणि विसरले.

रोज सकाळी तिच्या पोटात दुखतं आणि तू हिंग लावतेस, ते पोट नव्हे पोरी. ती रात्री उठून त्याच्या नाकापुढे बोट धरते, हे तिनंच सांगितलं. तू जागी असतेस, पण तुझं लक्ष थर्मामीटरकडे. सहा वर्षांचं पोर तुझ्यासोबत पहारा देतंय.

तिला जवळ घेऊन सांग. "काही झालं नव्हतं" असं म्हणू नकोस. तिनं बघितलंय, मग तू खोटं बोलतेस एवढंच तिला कळेल. सांग की बाळाला ताप आला होता, तापात लहान बाळांचं अंग कधी कधी असं थरथरतं, मग थांबतं. बोलण्यानं कुणाला आकडी येत नाही, कुणी मरत नाही. हे दोन-तीनदा सांगावं लागेल, वेगवेगळ्या दिवशी. पुन्हा आली तर तिचं काम काय, तेही तिला सांग: गॅलरीत जाऊन मावशीला हाक मारायची. मी तिच्याकडून करून घेतलंय. अशी काही ओरडली की खालचा दुकानदार बाहेर आला. काल बाहुलीला कुशीवर झोपवून तिनं मला दाखवलं आणि बाहुलीच्या तोंडाशी चमचा नेणाऱ्या आजीला (आजी मीच झाले होते) जोरात दटावलं.

शुक्रवारी आपल्या गल्लीची त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाईची यात्रा, नदीचं पाणी देवीला न्यायची. पी ढबाक वाजंत्री आतापासून सुरू झालीय, ऐकतेसच. यंदा तू जाणार नाहीस आणि तिचं नवं परकर-पोलकंही कपाटात ठेवून दिलंस, हे मला तिच्याकडूनच कळलं. तू तिला घेऊन जा, तुम्ही दोघीच. बाळाजवळ मी बसते, सासूबाईही आहेत. येताना थर्मामीटर माझ्याकडे दे. अंग तापलेलं लागलं तर मला हाक मार, मी लावून देईन. दिवसातून वीस वेळा बघून ताप उतरत नाही, आणि त्याच्या काखेत आता चट्टा पडलाय.

तिच्यासाठी माझ्याकडची बारकी तांब्याची कळशी चिंचेनं घासून ठेवलीय. घाटावर पाणी भराल तेव्हा अर्धीच भर. काठोकाठ भरली तर टेंबलाईच्या पायऱ्यांपर्यंत तिच्या परकरावरच सांडेल.

तुझी
सिस्टर मावशी