आपला वर्ग, आपले प्रश्न : धर्माची ओळख आणि मूल्यशिक्षणाचा तास

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला शिकवते. रमजानची माहिती सांगितली म्हणून एका पालकांनी हरकत घेतली. 'सरकारी शाळेत धर्म शिकवता येत नाही' असं ते म्हणतात. खरं आहे का?

बाई, पालकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. राज्यघटनेच्या कलम २८(१) प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित खासगी शाळेत ते असेल, तरी २८(३) प्रमाणे पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्यात किंवा उपासनेत सहभागी होण्याची सक्ती करता येत नाही. मात्र इथे 'धार्मिक शिक्षण' म्हणजे एखाद्या धर्माची श्रद्धा आणि उपासना मुलांच्या मनावर बिंबवणं. धर्मांविषयी माहिती देणं यात मोडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये डी.ए.व्ही. कॉलेजच्या खटल्यात आणि २००२ मध्ये अरुणा रॉय यांच्या याचिकेवर हाच फरक मान्य केला आहे. तुम्ही रमजानची माहिती दिलीत, त्यात काही चुकलं नाही.

ही सीमारेषा वर्गात पाळायची, तर आपली वाक्यं तपासावी लागतात. 'उपवासाने पुण्य लागतं' हा उपदेश झाला. 'उपवासाने पुण्य लागतं, असं अनेक हिंदू मानतात' ही माहिती झाली. म्हणजे मानणारा कोण, ते प्रत्येक वेळी सांगायचं. 'सगळे' हा शब्दही टाळा. सगळे हिंदू एकादशी करत नाहीत, आणि आजारी माणसाला, प्रवाशाला रोज्यातून सूट असते.

सर्वात जपून वापरायचा शब्द म्हणजे 'आपण'. मराठीत 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो. 'आपण दिवाळीला पणत्या लावतो, ते लोक ईदला नमाज पढतात' या एका वाक्यात वर्गातली काही मुलं 'ते लोक' होऊन जातात, आणि त्यांना ते कळतं. आणखी एक चूक चांगल्या हेतूनेच होते. धडा आला की, 'सलमा, तुमच्यात काय करतात सांग बरं,' असं म्हटलं जातं. अकरा वर्षांच्या मुलीला तिच्या सबंध धर्माची वकील करू नका. तिने आपणहून हात वर केला, तर अवश्य बोलू द्या.

प्रश्न : गोष्ट सांगून तात्पर्य विचारलं की मुलं 'नेहमी खरे बोलावे' असं पाठ उत्तर देतात. खरी चर्चा कशी घडवावी?

जिचं उत्तर आधीच ठरलेलं आहे, अशी गोष्ट असली की असंच होतं. दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड येतील असा प्रसंग घ्या. उदाहरणार्थ : घटक चाचणीत मैत्रिणीने कॉपी केली. तिची आई आठवडाभर आजारी होती, अभ्यास झाला नव्हता. 'कुणाला सांगणार नाही' असा शब्द तू तिला दिला आहेस. आता बाई तुलाच विचारतात. इथे खरेपणा एकीकडे ओढतो, दिलेला शब्द दुसरीकडे.

३५ मिनिटांची तासिका धरली, तर पहिल्या ५ मिनिटांत प्रसंग दोनदा वाचा आणि फळ्यावर चार ओळींत लिहा. पुढची ५ मिनिटं कुणी बोलायचं नाही. प्रत्येकाने 'मी काय करीन आणि का' हे वहीत लिहायचं. ही पायरी गाळली की पहिला हुशार मुलगा जे बोलेल तेच सगळ्यांचं मत होतं. मग चौघाचौघांच्या गटात १० मिनिटं. गट सहाचा झाला की दोघं गप्प बसतात. त्यानंतर १० मिनिटं सर्व वर्ग मिळून चर्चा. त्यात एक नियम ठेवा : आधीच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, मग स्वतःचं. उरलेल्या ५ मिनिटांत पहिल्या उत्तराखाली 'माझं मत बदललं का, कशामुळे' ते लिहून घ्या.

चर्चा बहुतेकदा बिघडते ती आपल्यामुळेच. एखाद्या उत्तराला 'शाब्बास' म्हटलं की बाईंना काय हवंय ते वर्गाला कळतं. त्याऐवजी 'कारण?' एवढंच विचारा. वर्गात नुकतंच घडलेलं भांडण किंवा चोरी प्रसंग म्हणून घेऊ नका, त्यात एक मूल आरोपी होतं.

आपल्या मूल्यशिक्षणाच्या दहा मूल्यांत नीटनेटकेपणा आणि वक्तशीरपणा आहेत, तशीच सर्वधर्मसहिष्णुता आणि स्त्री-पुरुष समानताही आहेत. पहिली दोन तपासायला सोपी म्हणून वर्ष त्यांच्यातच जातं. दुसऱ्या दोघींना महिन्याला निदान दोन तासिका राखून ठेवाव्यात, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : या विषयाला गुण द्यावेत का?

चांगुलपणाला गुण देऊ नयेत, मुलं दिखावा शिकतात. वर्णनात्मक नोंद करा, तीही दिसलेल्या कृतीची. 'प्रामाणिक आहे' असं न लिहिता 'मताला कारण देते, विरोधी मत पूर्ण ऐकून घेते' असं लिहा.

प्रश्न : आमच्या शाळा व्यवस्थापन समितीला मुलांना वेगवेगळी प्रार्थनास्थळं दाखवायची आहेत. काय काळजी घ्यावी?

पालकांची लेखी संमती घ्या. पत्रात 'पाहायला नेत आहोत, पूजा-प्रार्थनेत भाग घ्यावा लागणार नाही' हे वाक्य असलंच पाहिजे. एका दिवसात दोनच ठिकाणं, प्रत्येकी पाऊण तास. मशिदीत शुक्रवारची दुपार आणि चर्चमध्ये रविवारची सकाळ टाळा. गुरुद्वारात डोकं झाकावं लागतं, रुमाल बरोबर न्या. जैन मंदिरात जाताना चामड्याचे पट्टे शाळेतच काढून ठेवा. अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नसतो, त्यामुळे ती बाहेरूनच दाखवा.

एक शिक्षक आदल्या दिवशी जाऊन येऊ द्या. माहिती सांगणाऱ्याला पाच प्रश्न लिहून द्या आणि वेळ १५ मिनिटं ठरवून घ्या. पत्रकं वाटू नयेत, हेही तेव्हाच सांगा. प्रसाद किंवा टिळा ज्याला हवा त्याने घ्यावा. नको म्हणणाऱ्या मुलाला कारण विचारू नका, आणि ही सूचना मुलांसमोर, बसमध्ये चढण्यापूर्वीच द्या.