वाचकांचे प्रश्न: पांढरा खडा, काळा खडा

प्रश्न: मुठीएवढा पांढरट, अर्धपारदर्शक खडा आहे. चाकूने ओरखडल्यावर त्यावर करडी रेघ उमटते. म्हणजे हा कॅल्साइटच ना?

उत्तर: एवढ्यावरून नाही. ओल्या बोटाने रेघ पुसून पाहा. पुसली गेली, तर ते चाकूचंच पोलाद खड्यावर घासलं गेलंय. खडा चाकूपेक्षा कठीण आहे. पुसूनही नखाला खाच लागत असेल, तरच खडा मऊ. मोस श्रेणीत (खनिजांच्या कठीणपणाची १ ते १० अशी मोजपट्टी) कॅल्साइट ३ वर, क्वॉर्ट्झ ७ वर. चाकूचं पातं आणि साधी काच साधारण ५.५. त्यामुळे उलट चाचणीही घ्या. काचेचा तुकडा टेबलावर सपाट ठेवा (हातात धरू नका, फुटली तर कापेल) आणि खड्याचा टोकदार कोपरा त्यावर दाबून ओढा. क्वॉर्ट्झ काचेवर चरा पाडतो, कॅल्साइट पाडत नाही. चाचणी नेहमी ताज्या फुटलेल्या बाजूवर घ्यावी. खडा दाणेदार असेल तर कण नुसते निखळतात आणि कठीण खनिजही मऊ वाटतं.

काचेवर चरा पडला म्हणून लगेच क्वॉर्ट्झ म्हणू नका, फेल्स्पारही (६) तो पाडतो. इथे पाटन, म्हणजे ठरावीक दिशांना सपाट फुटण्याचा गुण, पाहावं लागतं. खडा दिव्याखाली सावकाश फिरवा. फेल्स्पारमध्ये जवळजवळ काटकोनात असलेल्या दोन दिशांच्या सपाट पातळ्या चमकतात. कॅल्साइटला तीन दिशांना पाटन असतं, पण कोन ७५ आणि १०५ अंशांचे, म्हणून तुकडे तिरप्या ठोकळ्यांसारखे निघतात. क्वॉर्ट्झला ठळक पाटन नाही. तो शिंपल्यासारखा वक्र फुटतो. फसगत होते ती त्याच्या स्फटिकाच्या गुळगुळीत बाजूंमुळे. पाटनाच्या पातळ्या फुटलेल्या भागात पायऱ्यांसारख्या एकीमागे एक समांतर दिसतात, स्फटिकाची बाजू फक्त बाहेरच असते.

शेवटी, डोळ्यांवर चष्मा लावून १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाका. कॅल्साइट लगेच फसफसतो. डोलोमाइट मात्र भुकटी केल्याशिवाय फारसा दाद देत नाही.

प्रश्न: विशिष्ट गुरुत्व (खडा पाण्याच्या किती पट जड आहे ते) घरी काढता येतं का?

उत्तर: ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा हवा. कोरडा खडा तोला. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि दोऱ्याने बांधलेला खडा पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही, असा धरा. कोरड्या वजनाला नव्या आकड्याने भागा. ९० ग्रॅमचा खडा २० दाखवत असेल तर उत्तर ४.५, म्हणजे बराइट या जड खनिजाची शंका घ्यावी. बुडबुडे चिकटले की उत्तर कमी येतं, म्हणून खडा पाण्यात हलवून घ्या. क्वॉर्ट्झ (२.६५) आणि कॅल्साइट (२.७१) यांच्यात निवड करायला मात्र ही चाचणी कुचकामी आहे.

प्रश्न: काळा, चकचकीत, जड खडा हेमॅटाइट की मॅग्नेटाइट?

उत्तर: रंग विसरा, कस (घासल्यावर उमटणाऱ्या भुकटीचा रंग) पाहा. फरशीच्या बिनचकाकीच्या मागच्या बाजूवर घासा. हेमॅटाइट वरून कितीही काळा असला तरी कस तांबूस तपकिरी येतो. मॅग्नेटाइटचा काळा, आणि तो चुंबकाला जोरात चिकटतो. खनिज फरशीहून कठीण असेल तर पांढरी भुकटी पडते. ती फरशीची असते.