जुन्या धाटणीची रायफल आणि तिची काडतुसे

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही टेक्सासमध्ये राहतो. शार्प्स या जुन्या अमेरिकी कंपनीच्या १८७४ च्या नमुन्याबरहुकूम इटलीत बनवलेली .४५-७० रायफल घेण्याचा विचार आहे. काडतुसे विकत घ्यावीत की घरी भरावीत? आणि रिकाम्या पुंगळ्या (उडवलेल्या काडतुसांची पितळी टरफले) आठवण म्हणून भारतात आणता येतील का? (एक वाचक, ऑस्टिन)

उत्तर : रायफलीआधी आपला व्हिसा पाहावा. एच-१बीसारख्या बिगरस्थलांतरित व्हिसावर राहणाऱ्या व्यक्तीला अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही. तेथील एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना हा त्यातला नेहमीचा अपवाद आहे. ग्रीन कार्डधारकांना हा निर्बंध लागू नाही.

आता काडतुसांविषयी. .४५-७० हे काडतूस अमेरिकी लष्कराने १८७३ साली स्वीकारले. .४५ हा गोळीचा इंचातला व्यास आणि ७० हे काळ्या दारूचे, म्हणजे जुन्या पद्धतीच्या बंदुकीच्या दारूचे, ग्रेन या छोट्या एककातले वजन, म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम. त्यापुढे ४०५ ग्रेनची शिशाची गोळी असे. त्या काळच्या रायफली आजही वापरात असल्यामुळे अमेरिकी उद्योगाने या काडतुसाच्या दाबाची मर्यादा चौरस इंचाला २८,००० पौंड इतकी कमी ठेवली आहे. अडचण अशी की याच नावाखाली, याच मापात, आधुनिक मजबूत रायफलींसाठी बरीच जोरकस काडतुसेही विकली जातात आणि ती जुन्या रायफलीच्या चेंबरमध्येही (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) निमूटपणे बसतात. म्हणून डब्यावरचे नाव जुळले एवढ्यावर समाधान मानू नये. काडतूस कोणत्या रायफलींसाठी आहे हे डब्यावर वाचावे आणि आपल्या रायफलीच्या निर्मात्याने किती दाब चालेल म्हटले आहे ते पाहावे.

सुरुवात विकतच्या साध्या काडतुसांनीच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण वापरलेल्या पितळी पुंगळ्या पुढे भरायला कामी येतात. घरी स्वतःपुरती काडतुसे भरायला संघीय परवाना लागत नाही. विक्रीचा धंदा करायचा असेल तर लागतो. भरण्यासाठी छापील पुस्तिकाच प्रमाण मानावी. बऱ्याच पुस्तिकांत या काडतुसाची कोष्टके रायफलीच्या ताकदीनुसार तीन गटांत दिलेली असतात. आपण सर्वांत सौम्य गटापासून आरंभ करावा.

काळी दारू वापरायची असेल तर गोळी आणि दारू यांच्यामध्ये पोकळी राहता कामा नये, नाही तर नळी फुगण्याचा धोका असतो. स्मोकलेस पावडरीचा, म्हणजे फारसा धूर न करणाऱ्या आधुनिक दारूचा, स्वभाव निराळा आहे. काळ्या दारूच्या मापाने ती भरणे म्हणजे रायफल आणि नेमबाज दोघांनाही धोक्यात घालणे होय. शिवाय या मोठ्या पुंगळीत स्मोकलेस पावडर इतकी थोडी लागते की चुकून दोनदा पडली तरी ती बाहेर सांडत नाही आणि हाताला काही कळत नाही; म्हणून गोळ्या बसवण्यापूर्वी सगळ्या पुंगळ्या एका ओळीत ठेवून आत उजेड पाडून पाहण्याची शिस्त लावून घ्यावी. हे काम दूरदर्शन पाहता पाहता करण्याचे नव्हे.

काळ्या दारूची राख हवेतली ओल धरते, त्यामुळे नळी आणि पुंगळ्या त्याच दिवशी पाण्याने धुऊन, कोरड्या करून ठेवाव्यात; नळीला तेलाचा हातही फिरवावा.

पुंगळ्या भारतात आणू नयेत. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात, त्यामुळे रिकामी पुंगळीसुद्धा विमानतळावर चौकशीचे कारण होऊ शकते. नेमबाजीला वापरलेली पिशवीच प्रवासाला घेणार असाल, तर तिचे सगळे कप्पे घरीच उलटे करून तपासावेत.