छत्तिसाव्या वर्षी पान्हा हातात घेताना

भावा, छत्तिसाव्या वर्षी नोकरी सोडून प्लंबिंग शिकायला उशीर झाला का, असं विचारतोस ना? वयाची काळजी सोड. आयटीआयचा प्लंबर ट्रेड एक वर्षाचा आहे आणि प्रवेशाला वयाची वरची अट नाही. पण घर चालवायचं असेल तर आधी सहा महिने एखाद्या चांगल्या मिस्त्रीच्या हाताखाली राहा. हजेरी, म्हणजे रोजची मजुरी, कमी मिळेल; ती तूट भरून निघेल एवढी बचत बाजूला ठेवूनच नोकरी सोड.

सुरुवातीला पाइपसाठी भिंतीत झिरी मारणं आणि पाइप वाहणंच वाट्याला येईल. ते मनापासून कर. सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम-थंड पाण्याच्या प्लास्टिक पाइपचा, जोड मात्र निरखून बघ: पाइप काटकोनात कापायचा, कापताना कडेला राहिलेली बुरी काढायची, चिकटवायचं सोल्युशन पाइपला आणि फिटिंगला दोन्हीकडे लावायचं, पाव फेरा देऊन आत दाबायचं आणि अर्धा मिनिट धरून ठेवायचं. लगेच सोडलंस तर पाइप मागे सरकतो.

सांगलीत विश्रामबागेतल्या एका बाथरूमला मी प्रेशर टेस्ट, म्हणजे पाइपात दाबानं पाणी भरून गळती बघणं, न घेताच फरशी बसू दिली होती. महिन्याभरात खालच्या घराचं छत ओलं झालं. फरशी माझ्या पैशानं फोडून दिली. तेव्हापासून टेस्टशिवाय मी झिरी बुजवू देत नाही, मालकानं कितीही घाई केली तरी.

ड्रेनेजचा ढाळ नीट शीक. २०१९ च्या महापुरानंतर गावभागात गाळानं भरलेले चेंबर आम्ही दिवसेंदिवस उपसले, तेव्हा या कामाची किंमत मला खरी कळली. हातमोजे आणि गमबूट पहिल्या पगारातच घे. आणि बंद टाकीत किंवा खोल चेंबरमध्ये कुणीही सांगितलं तरी उतरू नकोस, आतल्या वायूनं माणूस क्षणात जातो.