आश्रयाच्या अर्जावर ब्रिटनला जाण्याबद्दल

तुम्ही लिहिलंय की म्हापशातला एक एजंट सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा काढून देतो म्हणतो. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरून ‘असायलम’ म्हणजे आश्रय मागायचा की लगेच काम सुरू. शिवाय तिथं दयाळू लोक पुष्कळ आहेत, सरकारंही बदलत असतात. यातला दयाळू लोकांचा भाग तेवढा खरा आहे.

आश्रयाचा अर्ज फुकट असतो, त्याला शुल्कच नाही. मग एजंट पैसे कशाचे घेतो, हे पहिल्यांदा विचारा.

1951 च्या निर्वासित करारात कारणं पाचच: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत. त्यांपैकी एखाद्यामुळे छळ होईल आणि आपलं सरकार वाचवणार नाही, हे पटवावं लागतं. गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, डिचोलीत ट्रक दारात उभा राहिला, बँकेचे हप्ते थकले, हे दुःख खरं असलं तरी त्या पाचांत बसत नाही. भारतीयांना आणखी एक प्रश्न हमखास येतो: गोव्यात धोका आहे तर पुण्याला किंवा बेंगळुरूला का नाही राहत? बरेच अर्ज तिथंच कोसळतात. त्यात 2023 च्या नोव्हेंबरात ब्रिटिश सरकारनं भारताला ‘सुरक्षित देशां’च्या, म्हणजे जिथं सहसा छळाचा धोका नाही असं ते मानतात त्या देशांच्या यादीत घालायचं जाहीर केलं.

अर्ज केल्यावर पहिल्या मुलाखतीत बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, पासपोर्ट ठेवून घेतात आणि नंतर एक ओळखपत्र देतात. सविस्तर मुलाखत पुढे कधीतरी होते. काम लगेच मिळत नाही. निर्णय 12 महिने रखडला आणि त्यात तुमची चूक नसली, तरच परवानगी मागता येते, तीही सरकारी यादीतल्या ठरावीक कामांपुरती. हॉटेलात भांडी घासायला जाणं म्हणजे बेकायदा काम. भत्ता 2024 च्या दरानं आठवड्याला 49.18 पौंड, आणि खोली सरकार देईल त्या गावात. अर्ज फेटाळला तर अपिलाला 14 दिवस.

व्हिसा घेताना ‘फिरायला येतो’ लिहायचं आणि उतरल्यावर ‘जीव वाचवायला आलो’ म्हणायचं, ही विसंगती अधिकारी सर्वांत आधी पकडतो. फसवणूक सिद्ध झाली तर 10 वर्षं व्हिसा नाकारला जाऊ शकतो. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड ठशांची माहिती एकमेकांना देतात. म्हणजे ‘इथं नाही जमलं तर कॅनडा’ हाही मार्ग अवघड होतो.

आता राजकारण. 2022 मध्ये हुजूर पक्षाच्या सरकारनं आश्रयार्थींना आफ्रिकेतल्या रवांडाला पाठवायची योजना आणली. कँटरबरीच्या आर्चबिशपांनी, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रमुख धर्मगुरूंनी, ईस्टरच्या प्रवचनात तिला उघड विरोध केला, 2023 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं ती बेकायदा ठरवली आणि 2024 मध्ये मजूर पक्षानं सत्तेवर येताच ती गुंडाळली. पण त्याच मजूर पक्षानं 2025 च्या नोव्हेंबरात निर्वासितांचा दर्जा तात्पुरता, 30 महिन्यांचा करायचं आणि अनधिकृत मार्गानं आलेल्यांना कायम वास्तव्यासाठी 20 वर्षं थांबवायचं जाहीर केलं. सरकार बदललं की दार उघडेल, या भरवशावर जमीन विकू नका.

आश्रयाच्या वादात दोन्ही बाजूंचं म्हणणं समजून घ्या. करुणेच्या बाजूचे म्हणतात, खऱ्या निर्वासिताला घरी बसून अर्ज करायची सोय जवळपास नाहीच, म्हणून तो समुद्र ओलांडायला रबरी बोटीत बसतो. ते बरोबर आहे. दुसरी बाजू म्हणते, खोट्या अर्जांनी व्यवस्था तुंबते. तुमचा अर्ज म्हणजे त्यांच्या हातात आयता पुरावा, आणि रांगेतला सुदानी माणूस आणखी मागे. 2024 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या रॉदरहॅमला जमावानं आश्रयार्थींच्या हॉटेलला आग लावायचा प्रयत्न केला. असा जमाव दारात आला की कोणाचा व्हिसा कसला हे विचारत नाही. (आपल्याकडे गोव्यात बाहेरून आलेल्यांना ‘भायले’ आणि ‘घाटी’ म्हणून जे बोललं जातं, ते तिथं आपल्यालाच ऐकावं लागतं.)

खरोखर जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. मग उतरल्या उतरल्या सीमेवरच सांगा, धमक्यांची आणि पोलिस तक्रारींची कागदपत्रं जवळ ठेवा, सरकारी खर्चानं वकील मिळतो का ते विचारा.

नाहीतर ब्रिटनची भारतीयांसाठीची यंग प्रोफेशनल्स स्कीम पाहा: वय 18 ते 30, पदवी, खात्यात 28 दिवस 2,530 पौंड, सोडतीत नाव घालणं मोफत, दोन वर्षं कायदेशीर काम. आजोबा 19 डिसेंबर 1961 पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत, गोव्यात जन्मले असतील तर पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग आहे. तिथं अडतं ते आडनावावर: जुन्या नोंदीत कामतांचे ‘कामोतीं’ आणि प्रभूंचे ‘पोरोबो’ झालेले असतात, पुढच्या प्रत्येक दाखल्याशी ते जुळवावं लागतं. नागरिकत्व घेतलंत की भारतीय नागरिकत्व कायद्यानं जातं. आणि ब्रेक्झिटनंतर, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, 2021 पासून नव्यानं जाणाऱ्याला त्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये काम करता येत नाही. आयर्लंड किंवा पोर्तुगालमध्ये येतं.

एजंट परदेशात नोकरी लावून देतो म्हणत असेल तर त्याची नोंदणी भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. नाव तिथं नसेल तर पासपोर्ट त्याच्या हाती देऊ नका.