घाट चढल्यावर गिअर अडकतोय? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी हे बघा

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं. २०१० ची मर्सिडीजची ऑटोमॅटिक एमएल ३५० सीडीआय, दीड लाख किमीच्या आसपास रनिंग, सेकंडहँड घेतलेली, एमएच १० पासिंग. सकाळी साताऱ्यात फिरवली तर काही तक्रार नाही. पुण्याहून येताना खंबाटकी चढून वर आलं की एक झटका बसतो आणि मग गिअर बदलायचाच थांबतो. बाजूला घेऊन बंद-चालू केली की पुन्हा सुरळीत. गॅरेजवाल्याने स्कॅनर न लावताच गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटा गेल्या म्हणून सांगितलं आणि बॉक्स खोलून ओव्हरहॉल करायचे साडेतीन लाख मागितले.

अॅडव्हान्स देऊ नका. प्लेटा गेल्याही असतील, पण ते इतक्या माहितीवर कुणालाच सांगता येणार नाही.

बिघाड जाणवला की गाडी स्वतःला वाचवायला कमी ताकदीवर किंवा एकाच गिअरवर चालते, त्याला लिम्प मोड म्हणतात. तो इंजिनचा आहे की गिअरबॉक्सचा ते आधी ठरवा, कारण या गाडीत इंजिनही लिम्पमध्ये जातं. या तीन लिटर डिझेलमध्ये टर्बोच्या इनटेकच्या सीलमधून तेल पाझरतं आणि खाली असलेल्या स्वर्ल मोटरवर (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या झडपा फिरवणाऱ्या मोटरवर) ठिबकतं. मोटर गेली की गाडीचा दम जातो. घाटात ड्रायव्हरला वाटतं गिअर अडकला. फरक ओळखायला सोपा आहे. इंजिनचा लिम्प असेल तर गिअर पडत राहतात, फक्त ओढ नसते. गिअरबॉक्सचा असेल तर इंजिन मोकळं फिरतं, पण गिअरचा आकडा हलत नाही. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारात बसतंय, तरी पुढच्या वेळी मुद्दाम बघा.

मग बॅटरी. ही गोष्ट सांगितली की लोक हसतात, पण व्होल्टेज पडलं की या गाड्यांचे कंट्रोल युनिट (गाडीतले छोटे संगणक) बिघाडाचे भलतेसलते कोड टाकतात. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या खाली दिसलं तर आधी बॅटरी तपासून घ्या.

आता खरा मुद्दा. बंद-चालू केल्यावर बरं होतं, म्हणजे बिघाड इलेक्ट्रिकलच, असं बरेच जण छातीठोक सांगतात. ते अर्धंच खरं आहे. प्लेटा घसरल्या तरी कंट्रोल युनिटला गिअरचं गणित जुळत नाही आणि ते बॉक्सला लिम्पमध्येच टाकतं. रीस्टार्टने तेही तात्पुरतं पुसलं जातं. म्हणून निकाल कोडवर लावायचा. पी ०७०० एवढंच दिसलं तर त्याचा अर्थ फक्त 'गिअरबॉक्सच्या युनिटला विचारा' असा होतो, आणि स्वस्तातले स्कॅनर तिथेच थांबतात. गिअरबॉक्सच्या युनिटमध्ये शिरणारा स्कॅनर हवा. पी ०७१७ किंवा पी २७६७ आला तर इनपुट स्पीड सेन्सरचा सिग्नल तुटतोय. पी ०७३० आला तर गिअरचं प्रमाण चुकतंय, म्हणजे घसरण असू शकते.

कोडवरही न थांबता लाइव्ह डेटा बघा. त्यासाठी पुण्यापर्यंत जायची गरज नाही, यवतेश्वरचा घाट आहेच. शेजारी कुणाला तरी स्कॅनर घेऊन बसवा, गाडी चांगली तापू द्या, झटका बसेल त्या क्षणी टर्बाइन स्पीड, म्हणजे बॉक्सच्या इनपुटचा वेग, काय दाखवतोय ते टिपा. गाडी पळतीय आणि टर्बाइनचा आकडा एकदम शून्य, तर सेन्सर. आकडा जिवंत आहे पण त्या गिअरच्या प्रमाणात आउटपुट स्पीडशी (बॉक्समधून बाहेर पडणाऱ्या वेगाशी) जुळत नाही, तर प्लेटा. या सात गिअरच्या (सेव्हन-जी) बॉक्समध्ये पाचवा गिअर बरोब्बर १:१ आहे, म्हणून पाचव्यात टर्बाइन आणि आउटपुट सारखेच दिसले पाहिजेत. इंजिनचे आरपीएम मात्र यात धरू नका, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि बॉक्समधला तेलाचा दुवा) लॉक नसताना ते वेगळे असणारच.

माझा अंदाज? गाडी थंड असताना ठीक, तापल्यावर सिग्नल गायब, हे या बॉक्समधल्या कंडक्टर प्लेटचं नेहमीचं दुखणं आहे. सेन्सर आणि कंट्रोल युनिट त्या एकाच प्लेटवर, बॉक्सच्या आत, गरम तेलात बसवलेले असतात. ती बदलायला बॉक्स गाडीतून उतरवावा लागत नाही, खालचा तेलाचा पॅन काढून व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचा दाब वळवणारा भाग) खाली घेतली की काम होतं.

पॅन निघेल तेव्हा समोर उभे राहा. मॅग्नेटवर राखाडी चिखलासारखा बारीक थर असणारच, त्याला घाबरू नका. धातूचे तुकडे, काळं तेल, करपलेला वास असेल तर गॅरेजवाला बरोबर आणि मी चूक. तेल गुलाबी दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय.

पाण्याचं मुद्दाम सांगतोय, कारण पासिंग सांगलीचं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेच्या पुरात तिथे गाड्या बुडाल्या, आणि धुऊनपुसून विकल्याही गेल्या. ब्रीदरमधून (हवा जायच्या वाटेतून) बॉक्समध्ये पाणी जातं, प्लेटांचं कागदी अस्तर ते शोषून घेतं आणि चिकटवलेलं सुटायला लागतं. पुढच्या सीटखाली बॅटरी आहे, तिथलं कार्पेट उचला. सीटच्या रेल गंजल्यात का, कोपऱ्यात गाळ आहे का बघा. गाळ सापडला तर कंडक्टर प्लेटवर पैसे घालायच्या आधी दहादा विचार करा.

तेलाचं थोडक्यात. डिपस्टिक नाही. पातळी खालून, ओव्हरफ्लोच्या नळीतून, तेल ४५ अंशांवर असताना बघतात. मीटरने तापमान न बघता भरणाऱ्याकडे जाऊ नका. तुमच्या सालाच्या सुमारास तेलाचा ग्रेडही बदललाय, म्हणून चेसिस नंबरवरून २३६.१४ की २३६.१५ ते विचारून घ्या. दोन्ही मिसळायची नाहीत. प्रेशर मशिनचं फ्लशिंग इतक्या जुन्या बॉक्सला मी तरी करणार नाही. आणि 'लाइफटाइम ऑइल'वर, म्हणजे गिअरबॉक्सचं तेल कधीच बदलायचं नसतं यावर, विश्वास ठेवणाऱ्यांसाठी: बीएमडब्ल्यू आणि लँड रोव्हरला बॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षांनी तेल बदला म्हणते.

शेवटचं, कुणी भंगारातली कंडक्टर प्लेट स्वस्तात आणून देतो म्हणाला तर लगेच हो म्हणू नका. तिच्यावरचं युनिट मूळ गाडीच्या नंबराशी बांधलेलं असतं, तसंच बसवलं तर गाडी हलणार नाही. जुन्या प्लेटवरचा डेटा नवीवर उतरवून देणारे लोक आहेत, पण बसवणं, कोडिंग आणि नंतरचं अॅडाप्टेशन (युनिटला गिअर बदलणं नव्याने जुळवून देणं) हे तिन्ही एकाच माणसाकडून करून घ्या आणि दर आधीच लिहून घ्या. कोड आणि ते लाइव्ह आकडे इथे टाकलेत तर पुढचं सांगतो.